जिजीच्या कमरेचा चप्पू

भाडेकरूने घरमालकिणीचं कौतुक करावं अशी आपल्याकडे रीत नाही. मी करणार आहे, आणि थोडंथोडकं नाही, पोटभर करणार आहे. तिच्या पत्र्याच्या खोलीत मी संसाराची पहिली वर्षं काढली याचा मला आजही अभिमान आहे. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी सुरतेच्या गोडादऱ्यात जाऊन जुन्या बायकांना विचारावं.

सगळे तिला जिजी म्हणायचे. नव्वद सालानंतरची ती वर्षं. धुळे, नंदुरबार, शिरपूरकडून माणसं सुरतेला यायची, बाप्ये लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात लागायचे आणि बायका घरी बसून मार्केटातून आलेल्या साड्यांचे दोरे कापायच्या, टिकल्या चिकटवायच्या. जिजीच्या खोल्यांची एक ओळ होती, समोर लांब ओटा, ओट्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ. त्या ओट्यावर जिजी पाय पसरून बसलेली असे. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दातांना मशेरी, आणि कमरेला चंची. चंचीत मशेरीची डबी, सुपारी, आणि एक चप्पू. आपण चाकू म्हणतो त्याला सुरतेत चप्पू म्हणतात आणि जिजीचा चाकू सुरतेत येऊन चप्पू झाला होता.

घडीचा होता. शिंगाची काळी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, आत बोटभर पातं. पात्याच्या पाठीला नख अडकवायला एक खाच. लग्न होऊन सुरतेला निघाली तेव्हा नवऱ्याने तिला सारंगखेड्याच्या जत्रेत बांगड्या भरायला पैसे दिले. जिजी बांगड्यांच्या दुकानावरून सरळ पुढे गेली आणि चाकू घेऊन आली. हे मला तिच्या नवऱ्यानेच, म्हणजे नानांनी सांगितलं. नाना गरीब माणूस, उभी हयात मागावर गेली, बोलायचे फार थोडं. ते म्हणाले, "मी विचारं, बांगड्या कोठे? त म्हने, बांगड्या फुटतस, चप्पू टिकस."

खोली द्यायची तिची तऱ्हा वेगळी होती. आम्ही दोघं खोली बघायला गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याने खातं कोणतं, पाळी कोणती, सगळं सांगायला सुरुवात केली. जिजीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "तुले काय येस?" मी गोंधळले. नवराच उत्तर द्यायला लागला. "त्याले नही विचारं मी. तुले विचारं." मी म्हटलं, मशीनवर शिवता येतं. "मंग तुनी खोली," ती म्हणाली. तुझी, तुमची नाही. तिच्याकडे प्रत्येक खोली बाईच्या नावाने दिलेली असे. बाप्या म्हणजे बाईसोबत आलेला पाहुणा, असा तिचा सरळ हिशेब. माझ्या नवऱ्याला ते पहिल्या दिवशी झोंबलं, पण खोली चांगली होती, खिडकी पूर्वेला होती, त्याने राग गिळला.

चप्पूचा एक नियम होता आणि तो ओळीतल्या प्रत्येकाला पाठ होता. "हाऊ चप्पू उघडना म्हनजे काही तरी कापीसनच मिटस." उघडला की काहीतरी कापायचंच, त्याशिवाय मिटायचा नाही. म्हणून जिजीने गंमत म्हणून चप्पू उघडला तरी ती इकडेतिकडे बघायची आणि कुणाच्या गाठोड्याची सुतळी, नाहीतर कोथिंबिरीचं एखादं देठ तरी कापूनच तो चंचीत टाकायची. एकदा काहीच मिळेना तेव्हा तिने नानांच्या धोतराच्या काठाचा लोंबता दोरा कापला होता. नाना त्या वेळी जेवत होते. त्यांनी ताट हातात धरून पाय पुढे केला.

हा चप्पू उघडणं म्हणजे मात्र एक कार्यक्रम असे. तो अतोनात घट्ट होता. जिजी आधी तो पदराने पुसायची, मग डोळ्यांजवळ नेऊन बघायची, मग खाचेत अंगठ्याचं नख अडकवून ओठ घट्ट मिटायची आणि ओढायची. पातं जरा हलायचं आणि पुन्हा आत बसायचं. परत नख. या सगळ्या वेळात तिचं तोंड बंद नसे. कुणी पिऊन आला, बायकोवर हात उगारला, नळावर बादल्यांवरून झोंबाझोंबी झाली की जिजी तिथे जाऊन उभी राहायची, चंचीतून चप्पू काढायची आणि तो उघडता उघडता विचारायची, आज जेवला का रे, काय भाजी होती, आई कशी आहे, तिच्या गुडघ्याचं काय झालं. पातं अर्धं येईपर्यंत माणसाचा आवाज खाली यायचा. पूर्ण येईपर्यंत तो ओट्यावर बसून पाणी मागत असायचा. मग नियमाप्रमाणे काहीतरी कापायचं म्हणून जिजी कांदा कापायची आणि भाकरीबरोबर त्याच्याच हातात ठेवायची.

मी एकदा तिला म्हटलं, जिजी, हा इतका घट्ट का? ती म्हणाली, "जो पटकन उघडस ना पोरी, तो चप्पू बी वाईट आनि तोंड बी." मला हे पटलं होतं. बरेच दिवस मी ते माहेरच्या बायकांना माझंच वाक्य असल्यासारखं सांगत असे.

पण खरं सांगायचं तर चप्पू दर वर्षी आणखी घट्ट होत चालला होता. आधी कांदा कापून व्हायचा तेवढ्या वेळात आता नुसती खाच सापडायची. जिजी ते मान्य करत नसे. धार लावणारा सायकल घेऊन आला आणि त्याने हात पुढे केला, तर जिजीने त्याला ओट्यावरून उठवलं. बाजारातल्या एका भांडीवाल्याला तिने एकदा सहज दाखवला, तर तो म्हणाला, "नवुं लई लो ने, बेन," म्हणजे नवाच घ्या की. जिजी पुढे कधी त्या दुकानाच्या सावलीतूनही गेली नाही.

मग आली अखाजी. अक्षय्य तृतीया. खान्देशातल्या बाईला दिवाळी चुकली तरी चालते, अखाजी चुकून चालत नाही. सासुरवाशिणीला माहेरून मुराळी येतो, भाऊ नाहीतर चुलता, आणि तिला घेऊन जातो. गावात झाडाला झोके बांधलेले असतात, पोरी गाणी म्हणतात, आंब्याचा रस आणि खापरावरच्या पोळ्या असतात. सुरतेत वर्षभर दोरे कापणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे तो एक झोका असतो. ज्यांनी तो झोका घेतलेला नाही त्यांना मी समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही.

आमच्या ओळीत मधल्या खोलीत सुमन राहायची. पाखरासारखी हलकी, हात इतका चलाख की साडीतले दोरे तिच्या बोटांना घाबरून आपोआप निघतात की काय असं वाटावं. तिचा नवरा रघू. गुजरातेत दारूबंदी आहे असं म्हणतात. रघूच्या खिशात मात्र देशीची प्लास्टिकची पोटली असायचीच. दोन वर्षं त्याने सुमनला अखाजीला धाडलं नव्हतं. या वर्षी तिच्या भावाचा निरोप आला, मी सणाच्या आदल्या दिवशी येतो, तयार राहा. सुमनने पिशवी भरली. रघूने ती ओट्यावर भिरकावली आणि तिचा दंड धरला.

जिजी उठली. आम्ही सगळ्या आपापल्या दारात. तिने चप्पू काढला, पुसला, नख अडकवलं आणि विचारायला सुरुवात केली, जेवला का रे रघू. रघू भिंतीला टेकून बघत राहिला. जिजीने ओढलं. पातं हललं नाही. पुन्हा ओढलं. तिच्या कपाळावर घाम आला. जिजीकडचे प्रश्न संपले, आणि असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं. शेवटी नख कडकन मोडलं आणि तिने हात झटकला.

रघू हसला. "राहू दे जिजी. उघडस नही तो. माले माहीत शे, समदासले माहीत शे." मग तो पिशवी पायाने आत ढकलून खोलीत गेला आणि त्याने दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी नळावर कुणी भांडलं नाही आणि कुणी हसलंही नाही. बायका बादल्या भरून मुकाट्याने जात होत्या. सगळ्यांना एकच गोष्ट कळली होती. या ओळीत आम्हाला राखणारी एक बाई होती आणि तिच्या हातातली वस्तू बंद पडली होती. उद्या कुणाचाही नवरा म्हणणार होता, राहू दे जिजी.

दुपारी जिजीने मला हाक मारली. आत गेले तर म्हणाली, "दार लाव." मी लावलं. नाना पाटावर बसले होते, त्यांना तिने बाहेर जाऊन बसायला सांगितलं. मग चंचीतून चप्पू काढून माझ्यापुढे ठेवला. अंगठ्याला तिने चिंधी बांधली होती.

"तुनी मशीन जाम व्हस तवय तू काय करस?"

"खोलस, पुसस, तेल सोडस."

"तेल त मी बी सोडस. दर दसराले. हयद, कुकू, तांदूय, समदं करस मी त्याले."

"कोनतं तेल?"

"शेंगानं. घानीवरनं, चांगलं."

मी चप्पू उचलला आणि मला हसू यायला लागलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून आवरलं. आधी साधे उपाय करून बघितले. मुठीच्या दोन्ही बाजूंनी बोटं पात्यावर येत नाहीत ना ते पाहिलं, कारण माणूस घाईत एका हाताने उघडतो आणि दुसऱ्याने दाबून धरतो. तसं नव्हतं. नख लावलं, टोकाला जाडसर सुई घालून बघितली. ढिम्म. पक्कड आणू का म्हटलं तर जिजी म्हणाली, त्यापेक्षा माझे दात उपट. बरं केलं तिने. पकडीने पातं तुटलं असतं.

मग मी तो उन्हाच्या तिरिपेत धरला. जिथे पातं मुठीला खिळ्याने जोडलेलं असतं त्या सांध्यात काळपट तांबडं काहीतरी भरलं होतं. सुईने खरवडलं तर वाळलेल्या डिंकासारखी खपली निघाली. वास घेतला. खवट तेल, हळद, मशेरी, आणि सगळ्यांत जास्त कुंकू. मधे साडीच्या दोऱ्यांचा भुसाही चिकटलेला. इतक्या वर्षांच्या दसऱ्यांचं तेल त्या सांध्यात वाळून बसलं होतं आणि त्यावर दर वर्षी नवं कुंकू चढत होतं. घरचं तेल वाळलं की चिकट होतं, माझ्या मशीनला एकदा सासूबाईंनी असंच गोडेतेल सोडलं होतं आणि मला दोन दिवस हातशिलाई करावी लागली होती.

"मळ बठना, जिजी," मी म्हटलं.

माझ्याकडून हा शब्द चुकीचा गेला. ती ताठ बसली. "मळ? हाई मनं कुकू शे. दसराना कुकूले तू मळ म्हनस?"

"जिजी, कुकूच शे. पन सांधामा बठना ना तो."

"बठू दे. पूजानं शे ते. मी पुसाव नही."

तिने चप्पू उचलून चंचीत टाकला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी उठून जायला हवं होतं, पण मला सुमनच्या खोलीचं बंद दार दिसत होतं. आणि खोटं कशाला बोलू, रघूचं ते हसणं माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. मी तिथेच बसून राहिले. समोर तिचा देव्हारा होता. पितळेचे देव लखलखीत. आमच्या सगळ्या ओळीत तिच्याइतके स्वच्छ देव कुणाचे नव्हते.

"जिजी, दसराले देवस्ले पहिले काय करस तू?"

"चिंच लावीसन घासस. आंघोय घालस. मंग हयद-कुकू." ती भिंतीकडे बघूनच बोलत होती.

"आनि याले?"

बाहेर नाना खाकरले. ती वळली, चंचीत हात घातला आणि चप्पू तळहातावर घेऊन बघत राहिली.

"याले कधी आंघोयच नही घाली मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात एखादं लेकरू इतकी वर्षं उपाशी ठेवल्यासारखी शरम होती.

पुढे आंघोळ कसली घालायची यावरून पुन्हा वाद. तिला तापीचं पाणी हवं होतं. तापी आमच्या गावावरून वाहत सुरतेला येते, तेव्हा तिच्या देव्हाऱ्यात तापीची बाटली असायचीच. मी म्हटलं, पाण्याने गंजेल, घासलेट हवं. ती म्हणाली, घासलेटने कुणी देव धुतो का. शेवटी तडजोड झाली. सांध्याला घासलेट, मुठीला तापीचा एक थेंब.

मी घरून मशीनचं तेल, जुना दात घासायचा ब्रश आणि चिंध्या आणल्या. वाटीत घासलेट घेऊन चप्पू सांध्यापर्यंत बुडवून ठेवला. जिजी वाटीकडे अशी बघत होती जणू आत कुणाचं ऑपरेशन चाललं आहे. थोड्या वेळाने घासलेट तांबूस झालं. खाचेतलं कुंकू सुईने काढलं, सांध्यात ब्रश फिरवला, पुन्हा बुडवला. ओढायची घाई केली नाही, नुसतं पातं आत दाबायचं आणि सोडायचं, म्हणजे घासलेट आत जातं. मळ सुटत होता, आता मी तो शब्द मनातच म्हणत होते. वाटीतलं पाणी, म्हणजे घासलेट, दोनदा बदललं. जिजीने ते तांबडं घासलेट मोरीत ओतू दिलं नाही. बाहेर तुळशीपासून लांब, कुणाचा पाय पडणार नाही अशा कोपऱ्यात नेऊन ओतलं.

मग मी अंगठ्याचं नख खाचेत लावलं. पातं चिकटून होतं, मग कुरकुरलं, मग एकदम आलं. टक् असा आवाज झाला आणि ते सरळ उभं राहिलं. पात्यावर थोडे गंजाचे ठिपके होते, पण खाली पोलाद पांढरंशुभ्र. मला भलता आनंद झाला. माझ्या हाताने झालं होतं ते.

बाहेरून नानांचा आवाज आला, "उघडना का? आते मनं काही खरं नही."

राखेने ठिपके घासले, कोरड्या चिंधीने पुसलं, सांध्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि उघडमीट करून जादाचं तेल पुसून काढलं. जिजीने मुठीवर तापीचा थेंब टाकला आणि लगेच पदराने टिपला, म्हणजे माझं गंजाचं बोलणं तिने ऐकलं होतं. तिने चप्पू घेतला, मोडक्या नखाच्या अंगठ्याऐवजी दुसऱ्या हाताचा लावला. टक्. मिटला, पुन्हा टक्. नियमाप्रमाणे काहीतरी कापायचं होतं. तिने अंगठ्याची चिंधी दातात धरली आणि कापून टाकली.

"बाहेर कोनले सांगानं नही," ती म्हणाली. मी सांगितलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी सुमनचा भाऊ आला. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी, पायांत गावची धूळ. भुसावळकडे जाणारी गाडी दुपारची होती. रघू त्या दिवशी खात्यावर गेलाच नव्हता. दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभा होता आणि सदऱ्याच्या खिशात पोटली फुगलेली दिसत होती. भाऊ ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "दाजी, सनना दिन शे. बहीनले लेवाले उनू." रघू म्हणाला, "नही धाडस. जाय." रघूच्या मागे सुमन पिशवी छातीशी धरून उभी होती. भावाने दुसऱ्यांदा विनंती केली. सोयऱ्याच्या दारात मुराळ्याला आवाज चढवता येत नाही, तो बिचारा टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला.

आम्ही सगळ्या दारात आलो. जिजी ओट्यावरून चालत आली, सावकाश, नेहमीसारखी.

"रघू, सरक."

"चप्पू काढ ना जिजी," रघू म्हणाला आणि आमच्या सगळ्यांकडे बघून हसला. "काढ. उघाड. मी सांजलोंग उभा शे आठे." संध्याकाळपर्यंत तिथेच उभं राहायची त्याची तयारी होती.

जिजीने चंचीत हात घातला. पुसलं नाही, डोळ्यांजवळ नेलं नाही, जेवला का विचारलं नाही. टक्.

मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकले. लूमच्या खात्यातला तो कान बधिर करणारा खडखडाटही ऐकला. पण त्या एवढ्याशा आवाजाने सगळा ओटा जसा गप्प झाला तसं मी पुन्हा पाहिलं नाही. रघूचं हसू तोंडावरच राहिलं. नियम त्यालाही पाठ होता. उघडला की काहीतरी कापल्याशिवाय मिटत नाही.

आणि मला तेव्हा एकदम भीती वाटली. आजवर तो चप्पू उघडायला वेळ घ्यायचा आणि त्या वेळात सगळं निवायचं. तो वेळ मीच घासलेटने धुऊन टाकला होता. जिजीच्या हातात आता नुसतं उघडं पातं होतं, आणि समोर दारू प्यायलेला माणूस.

जिजीने पात्याकडे पाहिलं, मग रघूकडे.

"उघडना," ती म्हणाली. "आते काही तरी कापनं पडी."

ती एक पाऊल पुढे गेली. रघूने हात चौकटीवरून काढले आणि तो भिंतीला चिकटला. जिजीने डाव्या हाताने त्याच्या सदऱ्याचा खिसा चिमटीत धरून अंगापासून लांब ओढला आणि पात्याचं टोक खिशात घालून वर उचललं. खिसा आणि पोटली एकदम फाटले. दारू त्याच्या सदऱ्यावरून, विजारीवरून, पायांवरून खाली आली आणि ओट्यावर पसरली. त्याच्या अंगाला पातं लागलंही नाही. जिजीने पातं पदराला पुसलं आणि मिटलं.

मग ती नेहमीच्या आवाजात बोलली, बाजाराला जाताना भाजी सांगावी तशी. "खोली सुमननी शे. तू आठे पाव्हना शे. पाव्हनानी दार अडावनं नही." आणि सुमनला म्हणाली, "पोरी, जाय. गाडी चुकी जाई."

सुमन ओल्या ओट्यावरून पाय उचलत बाहेर आली. भावाने तिची पिशवी घेतली. रघू ओलाचिंब भिंतीशी उभा होता आणि कुणीतरी बाई फिसकन हसली, बहुतेक मीच. गल्लीच्या टोकाला गेल्यावर सुमनने मागे वळून पाहिलं आणि जिजीने हातानेच तिला हाकललं, जा जा.

रघू सुधारला वगैरे मी म्हणणार नाही. माणसं अशी एका दुपारी सुधारत नसतात. पण तो पुन्हा दारात आडवा उभा राहिला नाही, आणि ओळीतल्या कुठल्याच बाप्याने राहू दे जिजी असं म्हटलं नाही. सुमन अखाजी करून आली ती सांजोऱ्यांचा डबा घेऊन. जिजीने चप्पू काढून डब्याला बांधलेली सुतळी टकदिशी कापली, आणि सांजोरी खाताना म्हणाली की चप्पूला घासलेटचा वास येतो. मी म्हटलं, येऊ दे. माझी खात्री आहे, वासबीस काही येत नव्हता.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात टोचत होती. दसरा जवळ येत होता. पुन्हा हळद, पुन्हा कुंकू, पुन्हा घाण्याचं तेल. मी म्हणणार तरी काय? सांगितलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल, न सांगितलं तर दोन वर्षांत पुन्हा नख मोडेल.

दसऱ्याला सकाळी तिने मला बोलावलं. पाटावर स्वच्छ कापड, कापडावर चप्पू, उघडा, आंघोळ घातलेला, मशीनच्या तेलाने चमकणारा. त्याच्यावर कुंकवाचा ठिपकासुद्धा नव्हता. त्याच्या शेजारी माझ्याकडून मागून नेलेली मशीनच्या तेलाची कुपी आणि घासलेटची बाटली. दोन्हींना हळद-कुंकू लावलेलं, अक्षता वाहिलेल्या, झेंडूचं एकेक फूल. नाना बाजूला आपट्याची पानं घेऊन उभे होते आणि घासलेटच्या बाटलीकडे बघून गालात हसत होते.

मी नमस्कार केला. उठायला लागले तर जिजी म्हणाली, "अंगठा दे."

"मना?"

"मंग कोना? मना त मोडना."

मी उजवा हात पुढे केला. तिने माझ्या अंगठ्याच्या नखाला हळद लावली, कुंकू लावलं, दोन अक्षता वाहिल्या आणि हात जोडले. एवढी मोठी बाई माझ्या नखापुढे हात जोडून बसली होती. मी नानांकडून आपट्याची पानं घेतली आणि घरी आले. त्या दिवशी सगळी भांडी मी डाव्या हाताने घासली.